माल बुडाला, गाव उरलं: चिपिंग कॅम्डनचं प्रकरण

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांच्या अगदी उत्तर टोकाला चिपिंग कॅम्डन नावाचं गाव आहे. इंग्रजीत कॅम्डन लिहिताना मध्ये एक 'प' येतो, पण तो म्हणायचा नसतो. 'चिपिंग' म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. आपल्याकडे गावाच्या नावाला 'पेठ' चिकटते तसलाच प्रकार. वस्ती दोन-अडीच हजारांची. एक लांब, किंचित वळलेला रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना गुळाच्या ढेपेच्या रंगाच्या दगडाची घरं. नुसता फोटो पाहिला तर वाटेल, सिनेमासाठी उभारलेलं असावं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

१९०२ साली या गावात लंडनच्या पूर्व भागातून सुमारे दीडशे माणसं बिऱ्हाडासकट राहायला आली. त्यांतले पन्नासएक कारागीर होते: चांदीचे, दागिन्यांचे, मीनाकारीचे, लाकूडकामाचे, लोहारकामाचे, छपाईचे. बाकीची त्यांची बायकामुलं. त्यांची संस्था होती 'गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट' आणि तिचा म्होरक्या चार्ल्स रॉबर्ट अ‍ॅशबी. पाच-सहा वर्षांत संस्थेचं दिवाळं वाजलं आणि १९०८ मध्ये गाशा गुंडाळला गेला. व्यवसायाच्या हिशेबानं हे फसलेलं प्रकरण, आणि कलेच्या इतिहासात ते बहुतेक वेळा तसंच सांगितलं जातं: स्वप्नाळू माणूस, सुंदर वस्तू, तोट्यातला ताळेबंद. मला मात्र त्यानंतरच्या तीस वर्षांत जास्त रस आहे. गिल्डचा माल विकला गेला नाही, पण गिल्डचे हात गावात राहिले आणि त्या हातांनी गाव राखलं. ते कसं झालं, हे पाहायचं आहे.

लोकर आणि रेशीम

आधी गाव कशाचं बनलं ते बघू.

बाराव्या शतकात इथे बाजार भरायला लागला आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जागा आखून दिल्या गेल्या. दर्शनी बाजू अरुंद आणि मागे लांबच लांब पट्टी. आपल्या जुन्या पेठांतली घरं आठवा, रस्त्यावर दोन खणांचं तोंड आणि आत चौकामागून चौक. तीच व्यापारी अक्कल. रस्त्यावरची जागा महाग, म्हणून प्रत्येकाला थोडी थोडी. ही आखणी आजही तशीच आहे. घरं बदलली, पण पट्ट्या बदलल्या नाहीत.

पैसा आला तो मेंढ्यांवरून. कॉट्सवोल्ड्सच्या मेंढीची लांब लोकर मध्ययुगात फ्लँडर्सपासून इटलीपर्यंत जायची. कॅम्डनचा सर्वांत मोठा व्यापारी विल्यम ग्रेव्हेल १४०१ साली वारला. त्यानं १३८० च्या सुमारास बांधलेलं घर मुख्य रस्त्यावर उभं आहे, आणि सेंट जेम्स चर्चच्या फरशीत त्याची नि त्याच्या बायकोची आकृती कोरलेला पितळी पत्रा आहे. त्यावर लॅटिनमध्ये त्याला 'सगळ्या इंग्लंडातल्या लोकर-व्यापाऱ्यांचं फूल' म्हटलंय. आपण 'शिरोमणी' म्हटलं असतं, त्यांनी फूल म्हटलं. चर्चचा मनोरा पंधराव्या शतकाच्या शेवटीचा, एकशे वीस फूट उंच. एवढ्याशा गावाला एवढा मनोरा कशाला, याचं उत्तर लोकर हेच आहे.

दुसरा पैसा रेशमाचा, आणि तो गावात मिळवलेला नव्हता, लंडनहून आलेला होता. सर बॅप्टिस्ट हिक्स हा लंडनचा कापडाचा व्यापारी. राजदरबाराला रेशीम विकायचा आणि खुद्द राजा पहिल्या जेम्सला कर्ज द्यायचा. त्यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅम्डनची जहागीर घेतली. १६१२ मध्ये म्हाताऱ्या निराधारांसाठी बारा घरांची ओळ बांधली, सहा पुरुषांसाठी आणि सहा बायकांसाठी. १६२७ मध्ये रस्त्याच्या मधोमध लोणी, चीज, कोंबड्या विकायला एक मंडई बांधली. चर्चशेजारी स्वतःसाठी मोठा वाडाही बांधला होता. १६४५ मध्ये, यादवी युद्धात, गावातून निघताना राजाच्याच फौजेनं तो जाळला, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. आज त्याच्या जागी गवत आहे, फाटकाच्या दोन बाजूंच्या चौक्या आहेत आणि मेजवानीचे दोन छोटे मंडप आहेत. पडक्या भिंतीचा जो तुकडा उरलाय त्याचे दगड काही ठिकाणी गुलाबी दिसतात. हा चुनखडीचा दगड जाळात सापडला की लालसर होतो. पावणेचारशे वर्षं पाऊस झाला, तो रंग धुतला गेला नाही.

मंडईत मी बराच वेळ बसलो होतो. चारी बाजूंनी कमानी, वर लाकडी छप्पर, भिंत अशी नाहीच. खालची फरसबंदी इतकी खालीवर झालेली की पाय टाकताना खाली बघावं लागतं. दगडांच्या कडा झिजून गोल झाल्यात, मधे खळगे पडलेत आणि पावसानंतर त्यांत पाणी साचतं. कोणीही ती सपाट केलेली नाही. कॅम्डनमधली मोठी गोष्ट कुठली, असं कोणी विचारलं तर मी ही फरशी दाखवीन. तिला हात न लावण्यासाठी कितीतरी लोकांनी कितीतरी वेळा 'नको' म्हटलं असणार.

पैसा गेला, म्हणून

मग पैसा आटला. कच्ची लोकर बाहेर पाठवण्याऐवजी इंग्लंड कापड विणायला लागलं, आणि कापडाच्या धंद्याला वाहतं पाणी लागतं. ते दक्षिणेकडे स्ट्राउडच्या खोऱ्यांत होतं, कॅम्डनला नव्हतं. अठराव्या शतकात शीप स्ट्रीटवर रेशमाला पीळ देण्याची एक गिरणी निघाली, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तीही थांबली. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला आणि इंग्लंडची शेती बसली. शेतमजूर शहरांकडे निघून गेले आणि झोपडीवजा घरं ओस पडली.

वारसा जपला जाण्याची पहिली अट गरिबी असते, हे बोलायला कडू लागतं पण पुष्कळदा खरं असतं. श्रीमंत गावं आपली जुनी घरं स्वतःच पाडतात. कॅम्डनकडे पाडायलाही पैसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर लाल विटांची घरं आणि दुकानांच्या मोठ्या काचा आल्या तेव्हा इथे फारसं काही आलं नाही. १९०० साली हे गाव म्हणजे सुंदर, गळकं आणि अर्धं रिकामं.

माइल एंडहून

अ‍ॅशबीला नेमकं असंच गाव हवं होतं.

१८६३ चा जन्म, केंब्रिजचं शिक्षण, पेशानं वास्तुरचनाकार. १८८८ मध्ये त्यानं लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, म्हणजे गरिबांच्या वस्तीत, गिल्ड सुरू केलं. कल्पना अशी की कारखान्यातला मजूर दिवसभर एकच खिळा ठोकत बसतो त्याऐवजी त्यानं अख्खी वस्तू घडवावी, नफ्यात त्याचा वाटा असावा आणि कारभारात त्याचं मत असावं. मध्ययुगातल्या कारागीर संघांवरून नाव घेतलं, 'गिल्ड'. आपल्याकडे प्राचीन काळी 'श्रेणी' असत, त्याच जातीची गोष्ट. तीन वर्षांनी बिऱ्हाड माइल एंड रोडवरच्या एसेक्स हाउस नावाच्या जुन्या घरात गेलं.

अ‍ॅशबीची दुसरी बाजू इथे सांगायला हवी, कारण पुढे ती कामाला येते. १८९० च्या दशकात माइल एंड रोडवर निवृत्त खलाशांसाठी बांधलेली ट्रिनिटी हॉस्पिटलची जुनी घरं पाडायचं घाटत होतं. अ‍ॅशबीनं त्याविरुद्ध लोक उभे केले आणि ती घरं वाचली. त्याच खटपटीतून लंडनच्या जुन्या इमारतींची रस्त्यारस्त्यानं नोंद करायचं काम सुरू झालं. 'सर्व्हे ऑफ लंडन' हे ते काम पुढे शंभर वर्षांहून जास्त चाललं. एखादी वास्तू वाचवायची तर आधी ती मोजून, काढून, लिहून ठेवायची, ही शिस्त त्याच्याकडे कॅम्डनला येण्याआधीच होती.

एसेक्स हाउसचा भाडेपट्टा संपत आला. गावाकडे जायचं का, यावर १९०१ च्या नाताळाच्या सुमारास कारागिरांनी मतं दिली आणि बहुमत 'जायचं' असं पडलं. १९०२ मध्ये एकेक कुटुंब आलं. शीप स्ट्रीटवरची बंद रेशीम गिरणी भाड्यानं घेतली. तळमजल्यावर कचेरी आणि छापखाना, त्यावर चांदी, दागिने, मीना, आणि सर्वांत वर सुतार आणि कोरीवकाम करणारे. लोहारांची भट्टी मागे. रिकामी पडलेली घरं दुरुस्त करून कुटुंबांना दिली, सडे एका मोठ्या घरात राहिले.

गावाला हे सगळं पसंत होतं असं मुळीच नाही. दीड हजारांच्या गावात एकदम दीडशे लंडनकर! त्यांची बोली वेगळी, कपडे वेगळे, रोजगार शेतमजुराहून बराच जास्त. घरांची भाडी वधारली, जुन्या रहिवाशांची अडचण झाली, आणि दुकानदार लंडनवाल्यांना वेगळा भाव लावतात अशी कुरकुर ऐकू येऊ लागली. अ‍ॅशबीच्या बाजूनं सांगायचं तर त्यानं गावाला बाहेर ठेवलं नाही. १९०४ मध्ये कला आणि हस्तव्यवसायाची शाळा काढली, त्यात गावातली मुलं, बायका, मोठी माणसं सगळी यायची. लाकूडकाम, चित्रकला, स्वयंपाक, बागकाम, व्यायाम. वाजंत्र्यांचा ताफा होता, दर हिवाळ्यात नाटक बसवलं जायचं, पोहायला एक तलाव बांधला. गिल्डचे आणि गावाचे लोक एका संघातून क्रिकेट-फुटबॉल खेळायचे. मैदानात झालेली दोस्ती सभेतल्या भाषणांपेक्षा टिकाऊ ठरली, असं पुढचं बघून वाटतं.

बुडालं कशानं

याचं उत्तर खुद्द अ‍ॅशबीनंच लिहून ठेवलंय, आणि स्वतःला फारसं झाकलेलं नाही.

एक म्हणजे नक्कल. हातानं ठोकलेल्या चांदीवर हातोडीच्या बारीक खुणा राहतात आणि प्रकाश त्यावर पाण्यासारखा हलतो. गिल्डची भांडी त्यासाठी नावाजलेली. लिबर्टी या लंडनच्या बड्या दुकानानं १८९९ पासून तशाच वळणाची चांदीची भांडी विकायला काढली. त्यांतली बरीच यंत्रावर काढलेली असत आणि वर हातोडीच्या खुणांची नक्कल. किंमत कमी, दुकान मोक्याच्या रस्त्यावर. गिऱ्हाइकाला फरक कळत नव्हता, आणि ज्याला कळत होता तोही दर वेळी पैसे मोजायला तयार नव्हता. शिवाय खात्यापित्या घरच्या हौशी बायका फावल्या वेळात दागिने घडवून मजुरी न धरता विकायच्या. अ‍ॅशबीनं त्यांचं नाव ठेवलं होतं, 'डिअर एमिली'. त्यात एका चिडलेल्या पुरुषाचा तिरकसपणा आहे, पण हिशेब बरोबर होता. ज्याचं पोट त्या धंद्यावर नाही, त्याच्याशी किमतीत कोण टिकणार?

दुसरं कारण जास्त शिकवणारं आहे. लंडनमध्ये काम मंदावलं की कारागीर चार महिने दुसऱ्याच्या कारखान्यात जायचा आणि ऑर्डरी आल्या की परत यायचा. मंदीचा भार शहर उचलायचं. कॅम्डनमध्ये दुसरा कारखानाच नव्हता. चांदीकाम करणाऱ्यानं काम नसताना करायचं काय, मेंढ्या राखायच्या? माणसाला घरासकट गावात आणलंय, बायकामुलं आहेत, त्याला काढून टाकता येत नाही. मग तो बसल्या जागी वस्तू घडवत राहायचा. कपाटं भरत गेली आणि माल लंडनच्या दुकानात पडून राहिला. सोनं-चांदी अडकली, बँकेचं कर्ज वाढलं. म्हणजे माणसांना जपायचं म्हणून गावात आणलं, आणि ते जपणंच हिशेबाला झेपलं नाही. १९०७ च्या अखेरीला कंपनी मोडायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी ती मिटली.

जोसेफ फेल्स नावाच्या अमेरिकन साबण-कारखानदारानं जवळच ब्रॉड कॅम्डनला सत्तर एकर जमीन घेऊन दिली, राहिलेल्या कारागिरांनी थोडी शेती आणि थोडी कारागिरी करून पोट भरावं म्हणून. काहींना ते जमलं. बरेच जण लंडनला परतले.

नॉर्मन चॅपल

याच ब्रॉड कॅम्डनमध्ये आपल्याशी नातं सांगणारा एक धागा आहे, म्हणून वाट थोडी वाकडी करतो.

आनंद कुमारस्वामी यांचा जन्म १८७७ मध्ये कोलंबोचा. वडील तमिळ, आई इंग्रज. शिकलेले भूगर्भशास्त्र. सिलोनच्या खनिजांची पाहणी करत फिरताना त्यांनी तिथले कारागीर पाहिले आणि दगडांपेक्षा त्यांच्यातच जास्त गुंतले. त्यांची पत्नी एथेल हिचा भाऊ फ्रेड पार्ट्रिज हा गिल्डमध्ये दागिने घडवायचा. ब्रॉड कॅम्डनला नॉर्मन चॅपल नावाचं, बाराव्या शतकातलं एक मोडकळीला आलेलं प्रार्थनाघर होतं. अ‍ॅशबीनं ते या जोडप्यासाठी दुरुस्त करून, वाढवून राहतं केलं. जुना दगड जुना दिसू दिला, नवा नवा.

गिल्ड बुडत असताना कुमारस्वामींनी त्याचा हातछापखाना आपल्याकडे घेतला. त्यातलं यंत्र आधी इंग्लंडमधल्या हस्तव्यवसाय चळवळीचा प्रणेता विल्यम मॉरिस याच्या केल्म्सकॉट छापखान्यात चालत होतं. १९०७-०८ मध्ये त्यावर त्यांनी सिंहली कलेवरचं आपलं मोठं पुस्तक छापलं, 'मिडीव्हल सिन्हलीज आर्ट', एकूण ४२५ प्रती. १९०९ मध्ये त्यांचं 'द इंडियन क्राफ्ट्समन' आलं. प्रस्तावना अ‍ॅशबीची. त्यात गावातला बलुतेदार, शहरातल्या श्रेणी आणि राजाच्या पदरचा कारागीर अशी भारतीय हस्तकलेची मांडणी आहे. लंडनमध्ये अ‍ॅशबी जे नव्यानं जमवायला निघाला होता ते भारतात चालू आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत मोडतंय, असं त्या पुस्तकाचं म्हणणं. स्वदेशीची चळवळ तेव्हा जोरात होती. स्वदेशी म्हणजे मँचेस्टरऐवजी मुंबईच्या गिरणीचं कापड एवढंच नव्हे, हे कुमारस्वामी पुन्हा पुन्हा बजावत होते, आणि एक गिल्ड डोळ्यांसमोर बुडताना पाहून बजावत होते.

त्या पुस्तकात आधाराला घेतलेले एक नाव आहे सर जॉर्ज बर्डवुड यांचं. बर्डवुड बेळगावात जन्मलेले, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेले, आणि आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीत ज्यांचा हात होता ते. भारतीय गावातल्या कारागिराचं गुणगान इंग्रजीत त्यांच्याइतकं क्वचितच कोणी केलं असेल. आणि याच बर्डवुडनी १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत भारताला ललित कला अशी नाहीच असं म्हणत, जावामधल्या बुद्धमूर्तीला उकडलेल्या चरबीच्या पुडिंगची उपमा दिली! त्यावर जो गहजब झाला त्यातून लंडनमध्ये 'इंडिया सोसायटी' निघाली आणि कुमारस्वामी तिच्या संस्थापकांत होते. बलुतेदाराचं कौतुक करायचं आणि त्याला कलावंत मात्र म्हणायचं नाही, ही खोड फक्त इंग्रजांचीच होती असं कोणी समजू नये.

हात मागे राहिले

परत कॅम्डनला येऊ. कंपनी गेली तेव्हा गावात कोण राहिलं?

जॉर्ज हार्ट, चांदीचं काम करणारा. अ‍ॅलेक मिलर, ग्लासगोहून आलेला कोरीवकामाचा कारागीर, तो पुढे तीस वर्षं इथेच होता. थॉर्नटन आणि डाउनर हे लोहार. आणि जिम पायमेंट, सुतारांचा मुकादम. त्यानं त्याच रेशीम गिरणीत घरबांधणीचा आणि दुरुस्तीचा धंदा सुरू केला.

माझ्या मते प्रकरणाची खरी मेख इथे आहे. गिल्डच्या कपाटाला आणि कडी-कोयंड्याला लंडनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं, पण त्याच हातांच्या कामाला कॅम्डनमध्ये होतं, कारण कॅम्डन गळत होतं. दगडी चौकटीची खिडकी बसवणारा, ओकचं तुळईकाम जाणणारा, जुन्याला शोभेल असं बिजागर ठोकून देणारा माणूस गावात हाकेवर होता. बाहेर कोसभरावरही तो मिळाला नसता. ज्या गावात असे लोक नसतात तिथे जुन्या घराची दुरुस्ती म्हणजे सिमेंट, पत्रा आणि 'आता असंच मिळतं' हे उत्तर.

इथलं छप्परच घ्या. कौलं नाहीत, पातळ फोडलेले दगड आहेत. खालच्या ओळीत मोठे, आणि वर चढत जाल तसे लहान लहान. वजन खाली राहावं आणि पाणी लवकर उतरावं म्हणून. एक ओळ चुकली तर पुढच्या सगळ्या चुकतात. हे पुस्तकात बघून येत नाही.

पण नुसते हात असून भागत नाही, काम काढणाराही लागतो. तो आला १९०३ मध्ये, प्रवासवर्णनाच्या एका मालिकेसाठी चित्रं काढायला: फ्रेडरिक ग्रिग्ज, तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठसे काढणारा नामांकित चित्रकार. चार दिवसांसाठी आला आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत राहिला. अ‍ॅशबी बोलका, माणसांत रमणारा, दूरचं बघणारा; तो पुढे जेरुसलेमला जाऊन तिथलं जुनं शहर राखायच्या कामाला लागला. ग्रिग्ज हट्टी आणि कोपिष्ट, एका गावापलीकडे न बघणारा. वारसा जपायला या दोन्हींपैकी कोण हवं असं विचाराल तर मी ग्रिग्जकडे झुकेन, जरी जेवायला अ‍ॅशबीला बोलावीन.

ग्रिग्जनं मोठ्या गोष्टींपेक्षा बारीकसारीक गोष्टींवर जीव टाकला. वीज आणि टेलिफोन आले तेव्हा त्यानं मुख्य रस्त्यावर खांब आणि लोंबत्या तारा येऊ दिल्या नाहीत, त्या जमिनीखालून न्यायला लावल्या. दुकानांना भडक फलकांऐवजी लोखंडी कमानीवर टांगलेल्या पाट्या लावायला सांगत राहिला. १९२९ मध्ये काही स्नेह्यांबरोबर त्यानं 'कॅम्डन ट्रस्ट' काढला: पडायला आलेलं घर विकत घ्यायचं, नीट दुरुस्त करायचं, योग्य माणसाला द्यायचं आणि त्या पैशातून पुढचं घर.

त्याआधी, १९२६ मध्ये, गावावरची डोव्हर्स हिल ही टेकडी लिलावात निघाली होती. तिथे हॉटेल होण्याची चिन्हं होती. ग्रिग्जनं स्वतःच्या जिवावर बोली लावून ती घेतली आणि मग ती नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि जमिनी राखणाऱ्या संस्थेकडे, जाईपर्यंत पैशांसाठी वणवण केली. स्वतःचं घरही त्यानं जुन्या पद्धतीनं, तडजोड न करता बांधायला काढलं आणि त्यात कर्जात बुडाला. मंडईवरही एकदा पाळी आली होती. ती उचलून अमेरिकेला न्यायचं घाटत होतं, तेव्हा १९४० च्या दशकात गावानं वर्गणी काढून ती घेतली आणि नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली. ग्रिग्ज तोवर वारला होता, पण सवय लागून गेली होती.

डोव्हर्स हिलचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलानं १६१२ च्या सुमारास या टेकडीवर खेळांची जत्रा सुरू केली होती. कुस्ती, घोडदौड, लाठी, हातोडाफेक, आणि एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारण्याचा एक अजब खेळ. १८५२ मध्ये शेवटची जत्रा झाली, मग गायरान वाटून कुंपणं पडली आणि सगळं थांबलं. टेकडी मोकळी राहिली म्हणूनच १९५१ मध्ये खेळ परत घेता आले, आणि १९६६ पासून ते दर वर्षी, मेअखेरच्या सुट्टीनंतरच्या शुक्रवारी होतात. नडग्यांचा खेळ आहेच. पांढरे डगले घालून दोघं एकमेकांची कॉलर धरतात आणि विजारीच्या पायांत गवताचा पेंढा कोंबून घेतात. बघताना हसू येतं. पहिली लाथ नीट बसली की मग येत नाही.

आता

आजचं कॅम्डन श्रीमंत आहे. बाथपर्यंत जाणारी एकशे दोन मैलांची पायवाट इथून सुटते, चालणारे येतात, मोटारी येतात. गिल्डच्या कारागिरांसाठी डागडुजी केलेली घरं आज कुठल्याच कारागिराच्या आवाक्यातली नाहीत. गाव इतकं चांगलं राखलं की राखणाऱ्यांना तिथे राहणं परवडेनासं झालं. अ‍ॅशबीच्या काळात भाडं वाढल्याची कुरकुर होती, ती आता वेगळ्या तोंडांतून येते. हिक्सच्या बारा घरांत मात्र अजूनही गावातलीच म्हातारी माणसं राहतात. चारशे वर्षांपूर्वी ती घरं विकण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी म्हणून बांधली आणि तशीच बांधून ठेवली, एवढाच त्यातला फरक.

त्या घरांसमोर रस्त्याच्या कडेला एक उतरता दगडी हौद आहे, आता कोरडा. त्यात गाड्या उतरवायचे. चिखल निघायचा आणि चाकाचं लाकूड पाणी पिऊन फुगायचं, धाव घट्ट बसायची. उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं ओढ्यात भिजत घातलेली ज्यानं पाहिली आहेत त्याला पाटी वाचायची गरज नाही. माझ्या शेजारचे एक इंग्रज गृहस्थ मात्र ती दोनदा वाचून 'घोड्यांना पाणी पाजायला असेल' म्हणाले.

चर्चसमोरच्या हिक्सच्या जुन्या कोठारात, कोर्ट बार्नमध्ये, २००७ पासून गिल्डचं आणि त्यानंतरच्या कारागिरांचं छोटं संग्रहालय आहे. व्यवस्थित आहे, जरूर बघावं. पण मी तिथून शीप स्ट्रीटला गेलो. रेशीम गिरणीचा अरुंद जिना चढलं की वर हार्टचा कारखाना लागतो. तो बंद झालेला नाही. त्याच घराण्यात, त्याच खोलीत, चांदीचं काम चालू आहे. कोणी दार लोटून आत आलं तर मान वर करून बघतात आणि परत कामाला लागतात. खिडक्यांशी लाकडी ओटे, त्यांवर शेकड्यांनी हातोड्या आणि ऐरणी, कुठली कुणाच्या आज्यानं घडवलेली.

आढ्यावरून आकडे लोंबतात आणि त्यांना जुन्या कामांच्या चिठ्ठ्या ओवलेल्या, गठ्ठेच्या गठ्ठे, पिवळ्या पडून काळपट झालेल्या, डोक्याला लागतील इतक्या खाली आलेल्या. फाइल नाही, कपाट नाही. मी उभा होतो तेवढ्यात एकानं ओट्यावरचं काम संपवलं, फडक्यात गुंडाळलं, त्याची चिठ्ठी उचलली आणि हात वर करून जवळच्या आकड्यात टोचली.